खुर्चीवरून बोललेला शब्द

कर्जत आणि खालापूर हे तालुके शांत समजले जातात. भिवंडी, मालेगाव किंवा मिरज म्हटले की जे चटकन आठवते, तसे काही नेरळ, कशेळे, चौक किंवा खोपोली या नावांना चिकटलेले नाही. आगरी, कुणबी, मराठा, बौद्ध, ठाकूर, कातकरी, कोकणी मुसलमान, कारखान्यांपायी खोपोलीत आलेले देशभरचे कामगार आणि लोकलच्या आधाराने मुंबईहून सरकत आलेली नवी वस्ती, अशी सगळी माणसे एकाच बाजारात भाजी घेतात. मग द्वेषातून घडणारे गुन्हे आणि लोकप्रतिनिधींची द्वेषाची भाषा या विषयावरचे पुस्तक याच टापूसाठी कशाला, असे वाचक पहिल्याच पानावर विचारील. विचारावेच. उत्तर असे, की ही भाषा गावात तयार होत नाही. ती सभेच्या व्यासपीठावरून आणि मोबाइलवरून तयार येते आणि गावात फक्त वापरली जाते. एकदा डोकी फुटली की युक्तिवाद ऐकायला कोणी थांबत नाही, म्हणून या विषयाचा विचार शांततेच्या काळातच करावा लागतो. शिवाय इथे निवडून आलेली माणसे थोडी नाहीत. आमदार, मावळचे खासदार, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे सदस्य, कर्जत, खोपोली व माथेरानचे नगरसेवक, खालापूर नगरपंचायत आणि गावोगावचे सरपंच व सदस्य धरले, तर या पुस्तकाचा विषय जवळजवळ प्रत्येक आळीत राहतो.

पुस्तकाचे म्हणणे एकच आहे. सामान्य माणूस पारावर बसून एखाद्या जातीला किंवा धर्माला शिव्या देतो तेव्हा ते त्याचे मत असते. तेच वाक्य निवडून आलेला माणूस बोलतो तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी काहींना ती परवानगी वाटते, पोलिसाला ती सूचना वाटते, आणि ज्यांच्याविषयी ते बोलले जाते त्यांना आता दाद मागायला जागा उरली नाही असे वाटते. वाक्य एकच, पण तीन ठिकाणी त्याचे तीन अर्थ होतात आणि तिन्ही अर्थ खुर्चीमुळे येतात. म्हणून अशा भाषेचा मुकाबलाही खुर्चीशी जोडलेल्या साधनांनी करावा लागतो. ठराव, पक्षाचे तिकीट, सरकारी अनुदान, अधिकाऱ्याचा स्थगितीचा अधिकार ही ती साधने. न्यायालय हवेच, पण ते एकटे पुरले असते तर महाराष्ट्राला गेल्या चाळीस वर्षांत इतका अनुभव गाठीला बांधावा लागला नसता.

ग्रामसभेचा ठराव कसा लिहितात ते जवळून पाहण्यासारखे आहे. प्रोसिडिंग बुकात विषय क्रमांक, ठराव क्रमांक, मग मजकूर, खाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे, शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’, सरपंचाची सही आणि गोल शिक्का. या साच्यात काहीही घातले तरी ते कायद्यासारखे दिसू लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढी गावाने कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू देऊ नयेत, असा ठराव याच साच्यात केला. गावकऱ्यांचे म्हणणे होते की यात्रेच्या आधी गाव महिनाभर तळण वगैरे वर्ज्य करते आणि बाहेरचे व्यापारी ते पाळत नाहीत. गावाला आपला नियम जपायचा असेल तर तळणाला मनाई करता आली असती, आणि ती सर्वांना लागू झाली असती. ठरावाने तळण सोडले आणि धर्म धरला. याच स्थानाला शाह रमजान यांचा दर्गा मानणारे लोकही पिढ्यान्‌पिढ्या तिथे येतात, ही गोष्ट ठरावाच्या मजकुरात मावणारी नव्हती. गटविकास अधिकाऱ्यांच्या चौकशीत ठराव बेकायदा ठरला. पण तोवर तो राज्यभर पोहोचला होता, आणि पोहोचला तो ‘गावाने ठरवले’ या रूपात. बेकायदा ठरल्याची बातमी मूळ ठरावाइतकी लांब कधीच जात नाही.

ठरावाची ही ताकद दोन्ही बाजूंनी चालते, आणि त्याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव आणला: सरकारी खर्चाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तळ्यावर मात्र कोणी फिरकू शकले नाही. म्हणून बोल्यांनी १९२६ मध्ये पुढचे पाऊल टाकले आणि जी स्थानिक संस्था हा ठराव अमलात आणणार नाही तिचे सरकारी अनुदान थांबवावे, अशी शिफारस मंजूर करून घेतली. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी हजारोंना घेऊन तळ्याचे पाणी प्राशन केले तेव्हा त्यांच्या पाठीशी नगरपालिकेचाच कागद होता, आणि नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस त्यांच्या बाजूला उभे होते. त्याच दिवशी ‘हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी अफवा उठली आणि मंडपात जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेवर असलेल्या माणसांवर हल्ले झाले. द्वेषाच्या गुन्ह्याची सगळी लक्षणे इथे आहेत. अफवा आहे, जमाव आहे, आणि माणसाने काय केले यापेक्षा तो कोण आहे यावरून त्याला मारणे आहे. नंतर तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच १९२४ चा ठराव मागे घेतला.

मला महाडच्या कहाणीत हा मागे घेतलेला ठराव सर्वांत बोलका वाटतो, आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते. मारामारी करणाऱ्यांवर खटले झाले, काहींना शिक्षाही झाल्या. पण शिक्षा भोगणाऱ्यांना जे हाताने जमले नव्हते, ते निवडून आलेल्या सभेने हात वर करून साधून दिले. त्यानंतर दावा, मनाई हुकूम आणि अपिले. मुंबई उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये, म्हणजे सत्याग्रहाला दहा वर्षे होऊन. डिसेंबर १९२७ च्या दुसऱ्या परिषदेला महाडात जागा मिळेना तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली, हेही इथेच नोंदवायला हवे. नगरपालिका मागे हटली तेव्हा एक खासगी माणूस पुढे आला. असे लोक प्रत्येक गावात असतात. प्रश्न एवढाच की त्यांनी किती वेळा संस्थेची जागा भरून काढायची.

आता अलीकडचा न्यायालयीन हिशेब पाहू. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि डॉ. रमेश प्रभू निवडून आले. प्रचारसभांत बाळासाहेब ठाकरे यांनी धर्माच्या नावाने मते मागितली, अशी तक्रार प्रभाकर कुंटे यांनी केली. उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निवडणूक रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी तो निकाल कायम केला, आणि पुढे ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी गेला. निकाल ऐतिहासिक होता यात शंका नाही. पण ज्या विधानसभेची ती जागा होती तिची मुदत १९९० मध्येच संपली होती, आणि निकाल लागला त्या वर्षी राज्यात त्यांच्याच पक्षाचा मुख्यमंत्री होता. दुसरे उदाहरण मधुकर सरपोतदार यांचे. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबईत ऐन दंगलीच्या दिवसांत निघालेल्या मोर्च्यातल्या चिथावणीबद्दल त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली ती जुलै २००८ मध्ये. तिसरे त्याहून वेगळे. जुलै २००० मध्ये ‘सामना’तल्या दंगलकाळातील अग्रलेखांवरून ठाकरे यांना अटक झाली, मुंबईत तणाव पसरला आणि दंडाधिकाऱ्यांनी त्यांना सोडून दिले, कारण खटल्याची मुदत उलटून गेली होती. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे त्याची दखल न्यायालयाने तीन वर्षांच्या आत घ्यायची असते. सरकारला जाग आली ती सात वर्षांनी.

हा निव्वळ आळस नव्हता. दोन समाजांत वैर वाढवण्याच्या गुन्ह्यात (जुन्या दंडविधानाचे कलम १५३अ, आताच्या भारतीय न्याय संहितेचे कलम १९६) न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. म्हणजे सत्ताधारी बाजूच्या आमदारावर खटला चालवायचा की नाही हे सत्ताधारीच ठरवणार. मंजुरीची अट मुळात वाईट हेतूने घातलेली नाही. ती नसती तर प्रत्येक लेखकावर आणि नाटककारावर गल्लोगल्ली खटले उभे राहिले असते. पण जी ढाल लेखकासाठी बनवली ती सत्तेतल्या माणसाच्या हातात कायमची गेली आहे. दलित-आदिवासींवरील अत्याचाराच्या कायद्यात अशी अट नाही. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेपूर्वी वरिष्ठांच्या परवानगीची अट त्यात घातली, तेव्हा देशभर आंदोलन झाले आणि त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून ती अट काढली. कर्जतच्या ठाकूरवाडीत किंवा खालापूरच्या कातकरीवाडीत हा फरक पुस्तकी नाही. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नसल्याने शेजारच्या ठाणे जिल्ह्यात शहापूरमधल्या आदिवासी गावांना असलेले पेसाचे अधिकार इथल्या वाड्यांना नाहीत. त्यामुळे चोरीचा आळ घेऊन वीटभट्टीवरच्या कातकऱ्याला बदडले गेले, किंवा सभेत एखाद्या सदस्याने सगळ्या वाडीला चोर ठरवले, तर त्यांच्या हातात प्रत्यक्षात हाच एक कायदा उरतो.

मंत्र्यांची गोष्ट आणखी निराळी. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितले की मंत्र्याचे विधान सरकारच्या माथी मारता येत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. गावात मात्र कोणी अशी फोड करीत नाही. लाल दिवा गेला तरी ताफा आहे, बंदोबस्त आहे आणि स्वागताला तहसीलदार उभे आहेत. अशा माणसाने व्यासपीठावरून केरळला छोटे पाकिस्तान म्हटले, तर ते वैयक्तिक मत आहे हे कोणाला पटेल? राज्याचे मंत्री नितेश राणे यांनी डिसेंबर २०२४ मध्ये ते म्हटले. सर्वांना कायद्याप्रमाणे न्याय्य वागणूक देईन, कोणाविषयी आकस धरणार नाही, अशी शपथ घेऊन त्यांना महिनाही झाला नव्हता. ही शपथ फक्त मंत्री घेतात. आमदाराच्या शपथेत संविधानाशी निष्ठा आणि देशाची अखंडता आहे, आकसाचा उल्लेख नाही. शपथेत भर घालून कोणी सुधारत नाही हे मान्य, पण जे बोलले गेले ते शपथेच्या विरुद्ध आहे असे बोट ठेवून सांगता येते, आणि तेवढे सांगायलाही बहुतेक वेळा सभागृहात कोणी उठत नाही.

या टापूवर वादळ घोंघावले ते सप्टेंबर २०२५ मध्ये. नेरळजवळच्या एका गृहप्रकल्पाची ‘हलाल लाइफस्टाइल टाउनशिप’ अशी जाहिरात फिरली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या एका सदस्याने तिला राष्ट्राच्या आतले राष्ट्र म्हटले, आयोगाने राज्य सरकारला नोटीस काढली आणि वाहिन्यांवर नेरळचे नाव चार दिवस गाजले. धर्म पाहून घर विकणारी जाहिरात असेल तर तिला आक्षेप घ्यायलाच हवा, आणि तो नियामकापुढे घेता येतो. मुंबईत आहारावरून भाडेकरू नाकारणाऱ्या सोसायट्यांनाही तोच आक्षेप लागू आहे. पण एका बिल्डरच्या विक्रीच्या युक्तीवरून एका समाजाची देशनिष्ठा मोजायला लागणे ही दुसरीच गोष्ट. शिवाय त्याच वर्षी मार्चमध्ये फक्त हिंदूंनी चालवलेल्या झटका मटणाच्या दुकानांसाठी ‘मल्हार’ प्रमाणपत्राची घोषणा राज्याच्या मंत्र्यानेच केली होती. धर्मावरून बाजार वाटू नये हे तत्त्व असेल, तर ते बिल्डरला लावताना मंत्र्याला सोडता येत नाही. त्यातही मंत्र्याचा दोष मोठा, कारण बिल्डरकडे शिक्का नसतो.

यावर नेहमीचे आक्षेप येतात आणि त्यांपैकी काही वजनदार आहेत. पहिला आविष्कार-स्वातंत्र्याचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, आणि २०१५ मध्ये ज्या निकालाने कलम ६६अ रद्द झाले त्याच्या मुळाशी ही घटना होती. कायद्याची काठी मोठी केली की ती आधी दुबळ्याच्या पाठीत बसते, हे पालघरने दाखवले आहे. म्हणूनच हे पुस्तक नवे कडक कलम मागत नाही. बोलणाऱ्याचे पद जितके मोठे तितकी जबाबदारी मोठी, एवढे ते मागते. आणि बोलणाऱ्याचे स्थान व प्रभाव लक्षात घ्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच सांगितले आहे. दुसरा आक्षेप, ‘ते बोलतात तेव्हा तुम्ही गप्प असता’. मुंबईचे माजी आमदार वारिस पठाण यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये कलबुर्गीत पंधरा कोटी शंभर कोटींना भारी पडतील अशी भाषा केली. ती तितकीच निषेधार्ह होती, आणि ती ऐकून कुठल्याशा गावातल्या गरीब मुसलमानाची परिस्थिती सुधारली नाही, बिघडलीच. द्वेषाच्या भाषणाचा पहिला फटका बहुधा बोलणाऱ्याच्याच समाजातल्या दुबळ्यांना बसतो, कारण उत्तर त्यांच्या दारात येते.

तिसरा आक्षेप असा, की शब्दांनी कोणी मरत नाही. मारतात ती गुंड माणसे, त्यांना शिक्षा करा. जुलै २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते आणि मंगळवेढ्याकडून पोट भरायला आले होते. तिथे कोणा पुढाऱ्याचे भाषण नव्हते, केवळ अफवा होती. म्हणजे अफवा एकटीही जीव घेते, हे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे खरे. पण मग पुढाऱ्याच्या शब्दाला काय करता येते, ते एप्रिल २०२० मध्ये पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दिसले. तिथेही मुले पळवण्याच्या अफवेतून दोन साधू आणि त्यांचा चालक मारला गेला, आणि काही दिवसांत देशभर या हत्येला हिंदू-मुसलमान रंग चढू लागला. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक केलेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध केली आणि त्यात एकही मुसलमान नाही असे सांगितले. देशमुखांच्या कारकिर्दीविषयी कोणाचे काहीही मत असो. त्या आठवड्यात एका मंत्र्याच्या एका निवेदनाने किती ठिकाणची डोकी वाचली याचा हिशेब लागणार नाही. शब्द आग लावू शकत नसेल तर तो विझवतो कसा?

असे गुन्हे नेमके किती घडतात, याची विश्वासार्ह सरकारी मोजदाद नाही. झुंडहत्यांची माहिती गोळा करण्याचा प्रयत्न राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने केला आणि ती भरवशाची नाही म्हणून सोडून दिला. हा प्रश्न मोठा असला तरी तो दिल्लीत सुटायचा; इथे त्यावर फार थांबत नाही.

पक्षाच्या हातातले साधन मात्र तालुक्यातही वापरता येते. एप्रिल १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये इनोक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध विखारी भाषण केले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या पक्षाच्या नेत्याने त्यांना आपल्या नेतृत्वमंडळातून काढून टाकले. पोलिस नाही, खटला नाही. आपल्याकडे तेलंगणचे आमदार टी. राजा सिंह यांना पक्षाने ऑगस्ट २०२२ मध्ये निलंबित केले, जानेवारी २०२३ मध्ये ते मुंबईच्या मोर्च्यात भाषण करून गेले, आणि ऑक्टोबरमध्ये निवडणूक आली तशी निलंबन मागे घेऊन त्यांना तिकीट मिळाले. ज्या भाषेमुळे तिकीट मिळते ती भाषा बंद होणार नाही. म्हणून तालुकाध्यक्षाला उमेदवारीच्या वेळी जाहीरपणे विचारलेला प्रश्न हा खटल्याइतकाच कामाचा असतो, आणि तो त्याच पक्षाच्या कार्यकर्त्याने विचारला तर जास्त.

प्रशासनाकडेही साधने आहेत, ती धूळ खात पडली आहेत. नगरपरिषदेचा बेकायदा किंवा शांततेला बाधक ठराव स्थगित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०८ ने दिलेला आहे. लज्जास्पद वर्तनाबद्दल सरपंच किंवा सदस्याला पदावरून दूर करण्याची तरतूद १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात आहे. ती अतिक्रमणाच्या आणि पैशाच्या भांडणांत जशी आठवते तशी इथे आठवत नाही. वाळीत टाकण्याच्या तक्रारींनी रायगड जिल्हा गाजला आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा राज्यात झाला. मात्र तो एकाच समाजातल्या बहिष्कारासाठी आहे. एका समाजाने दुसऱ्याच्या दुकानावर टाकलेला बहिष्कार त्याच्या कक्षेत सरळ बसत नाही. जुलै २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार झुंडीच्या हिंसेसाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलिस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी असायला हवा, आणि एप्रिल २०२३ च्या आदेशानुसार द्वेषाच्या भाषणाबद्दल कोणाच्या तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवणे सर्व राज्यांच्या पोलिसांवर बंधनकारक आहे. कर्जत, नेरळ, खालापूर किंवा खोपोली ठाण्यात हे आदेश माहीत नसतील असे नाही. ठाणेदाराला आपली बदली कोणाच्या शिफारशीने होते हेही माहीत असते, एवढेच.

पुढची प्रकरणे म्हणून पोलिसांपासून सुरू होत नाहीत. ती ग्रामसभेच्या नोटिशीपासून सुरू होतात. विषयपत्रिकेवर नसलेला विषय आयत्या वेळी आला तर हरकत कशी नोंदवायची, विरोधाचे मत इतिवृत्तात नावानिशी कसे लिहून घ्यायचे, ठरावाची नक्कल कोणाकडे मागायची, तक्रार गटविकास अधिकाऱ्याकडे कोणत्या शब्दांत करायची, भाषणाची चित्रफीत पुरावा म्हणून कशी जपायची, हे तिथे नमुन्यांसह आहे. पोलिसांकडच्या तक्रारीचे प्रकरण मुद्दाम शेवटी ठेवले आहे. त्यात तारखेवर भर दिलेला दिसेल. तीन वर्षांची मुदत भाषणाच्या दिवसापासून मोजली जाते. पण २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवल्याप्रमाणे न्यायालयाने दखल कधी घेतली हे न पाहता तक्रार कधी दाखल झाली हे पाहिले जाते. मंजुरीची फाइल मंत्रालयात कितीही दिवस पडून राहो, पहिल्या महिन्यात दाखल केलेली तक्रार आणि तिची शिक्का मारलेली पोच आपल्या हातात राहते.